चालू यंत्राची पूजा

धारवाडच्या कडेला, एका टेकाडावर, एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले निम्मे लोक भांडायला येतील आणि उरलेले 'आम्हाला का नाही घेतलं गोष्टीत' म्हणून रुसतील. त्या कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, अ‍ॅल्युमिनियमची एक डिश आकाशाकडे तोंड करून उभी होती. लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या कढईएवढी. तिच्यासमोर दांड्यांवर एक बोंड बसवलेलं आणि बोंडाच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकचं झाकण. आकाशातला एक उपग्रह अष्टौप्रहर एकाच सुरात संकेत सोडत असे. डिश तो झेलून बोंडात टाकी आणि तिथून एक केबल दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत उतरे. तिथे शाईचं एक पेन सरकत्या कागदावर रेघ ओढत बसलेलं असे. आभाळ स्वच्छ असलं की रेघ सरळ. पाऊस आला की वाटेतलं पाणी संकेत पिऊन टाकी आणि रेघ खाली झुके.

त्या रेघेची मालकीण होती राणी मेत्री. हुबळीची. वडील धम्मपाल धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात लेथवर, आई बाळाबाई अंगाने घरात आणि तोंडाने सगळ्या गल्लीत. शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर राणीला 'आता बास की' म्हणणारं कोणीतरी भेटलं होतं, आणि तिने प्रत्येकाला 'हो हो' म्हणत पुढची पायरी गाठली होती. आता ती पीएच.डी. करत होती. विषय साध्या शब्दांत सांगायचा तर, आपल्याकडचा पाऊस उपग्रहाचा संकेत किती खातो.

हसू नका. नव्याण्णव सालची गोष्ट आहे. उद्या घरोघरी छोट्या डिश लागणार, कलघटगीच्या शाळेत बंगळूरचा मास्तर पडद्यावर येऊन गणित शिकवणार, अशा गप्पा तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. भर पावसात मास्तर पडद्यावरून गायब व्हायला नको असेल, तर संकेत किती जोराचा हवा हे आधी कळायला हवं. त्यासाठी जाड पुस्तकात एक सूत्र होतं, परक्या देशांतल्या पावसावर बेतलेलं. पाऊस किती पडतो ते घाला, संकेत किती बुडेल ते काढा. सगळ्या जगाच्या पावसाला एकच माप.

राणीची रेघ त्या मापाला जुमानत नव्हती. धो धो पाऊस आला की तिचे आकडे पुस्तकाच्या जवळपास जात. पण धारवाडचा खास पाऊस, ज्याला इथे जिटिजिटी मळी म्हणतात, दिवसच्या दिवस छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पाडणारा, तो सुरू झाला की रेघ पुस्तक सांगेल त्याच्या कितीतरी खाली जाऊन बसे. शिवाय पाऊस थांबला तरी ती लगेच वर येत नसे, आपल्या मर्जीने सावकाश येई. राणीने केबल बदलली, जोड उकलून पुन्हा घातले, पर्जन्यमापक तपासला. रेघ आपली तशीच. कारण सापडत नव्हतं. पण मोजमाप खरं आहे याची तिला खात्री होती, आणि त्या खात्रीवरच तिचं पुढचं सगळं टांगलेलं होतं.

तिचे गाईड म्हणजे विभागप्रमुख प्राध्यापक जयतीर्थ गलगली. घरात मराठी, विभागात कन्नड आणि रागावायला इंग्रजी. माणूस विद्वान, शिकवायला लागले की मागच्या बाकावरची मुलंही जागी राहत. पण तरुणपणी त्यांनी एक शोधनिबंध लिहिला होता, की पुस्तकातलं सूत्र धारवाडच्या पावसाला चपखल बसतं. निबंध गाजला, बढती मिळाली. गच्चीवर डिश मात्र तेव्हा नव्हती. सगळी आकडेमोड खुर्चीत बसून झालेली. उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आणि शेळ्याही बिचाऱ्या मुकाट चालल्या होत्या, ही राणी येईपर्यंत.

"अगं राणी, जगाचं पुस्तक खोटं आणि तुझी कढई खरी?" ते म्हणत.

"पुस्तक खोटं म्हणत नाही सर. माझं मोजमाप खरं आहे, एवढंच म्हणते."

"काय की बाई. रिसीव्हर बघ एकदा."

रिसीव्हर तिने बघितला होता. तरी पुन्हा बघितला.

अशात नवरात्र आलं आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे कारखान्यापासून रिक्षापर्यंत प्रत्येक यंत्राची पूजा होते, हे नव्याने सांगायला नको. प्रयोगशाळेचा मल्लाप्पा हा त्या दिवसाचा राजा. एरवी तारा जोडणारा, टेबलं पुसणारा हा माणूस नवमीला परीटघडीचं धोतर नेसून येई. यंत्रांना ओल्या फडक्याने पुसून न्हाऊ घाली, हळदकुंकू लावी, झेंडूचे हार घाली, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडी आणि सगळ्यांना चुरमुरे-फुटाणे वाटी. नियम एकच. पूजेला बसलेल्या यंत्राला कामाला लावायचं नाही. नवमीच्या सकाळी बटण बंद, ते दसऱ्याची बन्नी, म्हणजे आपलं सोनं, वाटून झाल्यावरच चालू.

'माझं तेवढं चालू राहू द्या' हे शब्द राणीच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. का गिळले तेही तिला नीट ठाऊक होतं. तिच्या घरी पूजाअर्चा नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि दसरा म्हणजे पांढरी साडी नेसून विहारात जायचा दिवस. विभागात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ते कामाचं बोलणं ठरलं असतं. तिने म्हटलं असतं तर 'बघा, हिला आमची पूजा खुपते' झालं असतं. म्हणून ती गप्प राहिली. मल्लाप्पाने बटण खाली केलं आणि पेन थांबलं.

संध्याकाळी ती हुबळीच्या बसमध्ये होती. नवलूर मागे पडलं आणि परतीचा पाऊस असा कोसळला की ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस. संकेत पार तुटतो की नुसता दबतो, तुटला तर किती वेळ, हे असल्याच पावसावर कळणार होतं. सगळं वर्ष ती त्याची वाट बघत होती. तो आला, आणि तिकडे यंत्र गळ्यात हार घालून झोपलं होतं. लोक भराभर खिडक्या ओढून घेत होते आणि राणी काचेला कपाळ लावून रडत होती. दुःखाने नव्हे, संतापाने, आणि सगळा संताप स्वतःवर.

प्रबंधाचा कच्चा मसुदा तिने गलगलींच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांचं बोट बरोबर त्याच जागी थांबलं.

"नवमीची जागा रिकामी सोडलीस?"

"मोजलंच नाही सर, तर लिहू काय?"

"पर्जन्यमापक काही पूजेला बसला नव्हता. पाऊस किती पडला ते ठाऊक आहे. सूत्रात घाल, आकडा निघेल, टाक तिथे. आणि हातासरशी त्या जिटिजिटीचे आकडेही पुस्तकाजवळ आण. सगळ्यांना एकाच हिशेबाने वर उचल. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," राणी म्हणाली.

गलगलींनी चष्मा काढला. "इतके दिवस समजावतो आहे. पालथ्या घड्यावर पाणी! असल्या प्रबंधावर मी सही करणार नाही."

"नका करू सर. मी आणखी एक वर्ष मोजते."

म्हणायला सोपं होतं. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. पण शब्द बाहेर पडला होता आणि तो मागे घ्यायची तिची तयारी नव्हती.

घरी तिने सगळं सांगितलं. धम्मपाल म्हणाला, "पोरी, गप राहा. त्यांचं घर, त्यांची रीत. मी न्हाई का राहिलो?"

"म्हणजे?"

"वर्षभर लेथला तेल मी घालतो. त्याचा आवाज एवढा बदलला तर मला झोपेत कळतंय. आणि नवमीला फोरमन म्हणतो, धम्मपाल, आज जरा लांब उभा राहा, पूजेचं हाय. मी राहतो उभा. चुरमुरे देतात, ते घेतो, घरी येतो. भांडून काय मिळणार?"

हे राणीला ठाऊक नव्हतं. चुरमुरे दर वर्षी घरी येत. कागदाची पुडी सोडून लहानपणी ती ते मूठमूठ खायची आणि अप्पांच्या कारखान्यात किती छान सण होतो म्हणून मैत्रिणींना सांगायची.

बाळाबाईने परात बाजूला सारली. "आणि तेच चुरमुरे मी पोरीला चारले! एवढी वर्षं सांगितलं न्हाईस व्हय रे?" मग ती राणीकडे वळली. "ह्याचं ऐकू नगं. हा चांगला माणूस हाय, म्हणून तर सगळे ह्याला लांब उभा करतात. तू तुझं खरं हाय तेच लिही."

दुसरं वर्ष कसं गेलं ते राणीलाच ठाऊक. सकाळी हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात तासिका घ्यायच्या, तिथून बस पकडून धारवाड, आणि मग कागदाच्या गुंडाळीसमोर बसायचं. विभागात कुजबुज होती की मेत्रीबाईंचं डोकं फिरलंय, पावसाशी भांडतात. जिटिजिटी मळी पुन्हा आली, रेघ पुन्हा पुस्तकाच्या खाली जाऊन बसली, कारण पुन्हा सापडलं नाही. आणि पुन्हा खंडेनवमी आली.

त्या सकाळी मल्लाप्पा फडकं आणि हार घेऊन आला तर राणी आधीच हजर. रिसीव्हरसमोर स्टूल टाकून बसली होती आणि बटण तिच्या पाठीमागे होतं.

"अक्कार, सरका की जरा. बंद करतो," मल्लाप्पा म्हणाला. त्याचं मराठी कामापुरतं होतं, अडलं की तो कन्नडात शिरे.

"बंद नाही करायचं अण्णा. चालू यंत्राचीच पूजा करा."

"ब्याडरी, नको नको! असं कुठं असतंय?" तो गलगलींना बोलवायला धावला.

गलगली आले आणि त्यांच्यामागे अर्धा विभाग. सणाचे कपडे, कपाळावर गंध, आणि मधोमध स्टुलावर ही रोजच्या सुती साडीतली बाई. गलगलींनी आवाज शांत ठेवला होता, पण कानशिलं लाल झाली होती.

"राणी, ऊठ. तुमच्यात पूजा नसते हे मला ठाऊक आहे. मी कधी काही म्हटलं का? पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवावा माणसाने."

"पूजा करा ना सर. हार घाला, कुंकू लावा, कोहळा फोडा. फक्त बटणाला हात लावायचा नाही. श्रद्धा तुमची, बटण माझं."

"हा बटणाचा प्रश्न नाही. मानाचा आहे."

"माझाही मानाचाच आहे." राणीचा आवाज आता चढला. "माझ्या वडिलांना नवमीच्या दिवशी त्यांच्याच लेथपासून लांब उभं करतात. आयुष्यभर ते उभे राहिले. गेल्या वर्षी मीही राहिले, तुम्ही काही न सांगता. या वर्षी राहणार नाही. हे यंत्र मी बसवलंय, मी जपलंय, आणि मी त्याच्यापासून लांब होणार नाही. उचलायचं असेल तर स्टुलासकट उचला मला."

एक प्राध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले, तिथे बघण्यासारखं काही नसताना. बाहेर ऑक्टोबरचं निळंभोर आभाळ होतं, ढगाचा कापूससुद्धा नाही.

"ठीक," गलगली म्हणाले. "राख तुझं कोरडं आभाळ." आणि ते निघून गेले. मागून कोणीतरी हसलं. राणीला ते ऐकू गेलं. आज पाऊस येणार नव्हता हे तिलाही दिसत होतं. सगळ्या विभागाशी उभं वैर घेऊन ती एका सरळ रेघेची राखण करत बसली होती. पण उठली नाही.

खरा पेच पडला मल्लाप्पाला. चालू यंत्राची पूजा त्याने जन्मात केली नव्हती. यंत्राला विसावा नाही, बटण बंद नाही, म्हणजे ओलं फडकं फिरवणंही नाही. न्हाऊ न घालता कुंकू लावलं तर दोष लागणार, आणि तो कोणाला लागेल? पूजा करणाऱ्याला! तो बिचारा दारात डोकं खाजवत उभा राहिला. मग त्याला मार्ग सुचला. खालच्या यंत्रात वीज खेळते, त्याला पाणी चालायचं नाही. पण वरची डिश? ती तर वर्षभर पावसात असते. यंत्र एकच, हे त्याचं डोकं आणि ते त्याचं पोट. डोक्याला स्नान घातलं म्हणजे झालं. त्याने कलश उचलला आणि तो जिना चढला.

इकडे राणी रेघेकडे बघत होती. सरळ, सरळ, सरळ. आणि एकाएकी पेन खाली घसरलं. चांगलं दोन बोटं खाली गेलं आणि तिथेच सरपटत राहिलं. तिने खिडकीतून पाहिलं. लख्ख ऊन. तिच्या मनात एकच विचार आला की कोणीतरी सूड उगवायला डिश फिरवली. ती उठली आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत गच्चीवर गेली.

गच्चीवर मल्लाप्पा हात जोडून उभा. डिश जागची हलली नव्हती. तिच्या कडेला कुंकवाचा टिळा, स्टँडला झेंडूचा हार, आणि ती नखशिखांत ओली.

"अण्णा, काय केलंत हे!"

"सिट्ट माडब्याडरी अक्कार, रागावू नका. चालू यंत्र, दोष लागतोय. म्हणून जरा स्नान घातलं."

राणीच्या जिभेवर शिव्या आल्या होत्या, त्याही बाळाबाईच्या ठेवणीतल्या. पण तिची नजर डिशवर गेली आणि शिव्या तिथेच राहिल्या. अ‍ॅल्युमिनियमवर बारीक बारीक थेंब चिकटून बसले होते, खाली ओघळत नव्हते. बोंडाच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर पाण्याचा पातळ पापुद्रा होता. जिटिजिटीत ही डिश अगदी अशीच दिसते, हे तिने शंभरदा बघितलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. तिने वर बघितलं. उपग्रहापासून इथपर्यंत वाटेत पाण्याचा टिपूस नाही. आणि रेघ तर खाली. मग संकेत पितंय कोण? आभाळ नव्हे. डिशचं ओलं तोंडच.

"अण्णा," ती म्हणाली, "आणखी एकदा घाला स्नान."

मल्लाप्पाला वाटलं, टोमणा आहे. तो खाली मान घालून उभा राहिला.

"खरंच सांगते. आधी कोरडं पुसून काढा. मी खाली जाते. खिडकीतून हाक मारली की घाला."

मल्लाप्पाने आपल्या उपरण्याने डिश पुसली. खाली रेघ हळूहळू वर आली आणि सरळ झाली. राणीने हाक मारली. कलश उपडा झाला आणि रेघ कोसळली. पुसली, वर आली. मग राणी ओरडली, "आता आंब्याच्या डहाळीने नुसतं शिंपडा!" मल्लाप्पाने पूजेतली डहाळी घेऊन शिंपडलं. कलशभर पाण्याने जेवढी गेली होती, रेघ जवळजवळ तेवढीच खाली गेली.

राणी मटकन स्टुलावर बसली. थोडं पाणी काय नि जास्त पाणी काय, डिश आपला वाटा तेवढाच घेत होती. मोठ्या पावसात आभाळच एवढं पितं की त्यात डिशचा वाटा लपून जातो. जिटिजिटीत आभाळ घोटभर पितं आणि बाकी सगळं डिश. आणि पाऊस थांबला तरी ती वाळेपर्यंत रेघ वर येणार कशी? पुस्तक आभाळाचं बोलत होतं, ते खोटं नव्हतं. तिचे आकडे तर मुळीच खोटे नव्हते. यंत्र बंद असतं, तर हे पाणी नुसतं पाणीच राहिलं असतं.

गच्चीवरचा हा अखंड अभिषेक बघायला पोरं जमली. चुरमुऱ्यांचा द्रोण हातात घेऊन गलगलीही प्रयोगशाळेत आले. द्रोण बाजूला ठेवून कागदाची गुंडाळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि खालून वर, वरून खाली वाचली. ते विद्वान होते हे मी आधीच सांगितलं आहे. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला, मग सावरला, आणि क्षणभर त्यात मागच्या बाकांनाही जागं ठेवणारा तो मास्तर दिसला. "कोरडी करून पुन्हा दाखव," ते म्हणाले. राणीने दाखवलं.

पुढचे कित्येक दिवस तिने मोजून मापून पाणी घालत, फवारत, वाळवत तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. परदेशात एकदोघांनी अशी शंका मांडली होती असंही तिला वाचनात सापडलं. पण धारवाडच्या पावसाचं कोडं आता सुटलं होतं. गलगली सही करायला तयार झाले. वारा कुठून वाहतो ते त्यांना कळत होतं. मात्र त्यांची एक अट होती.

"ते खंडेनवमी, मल्लाप्पा, कलश वगैरे काढ. 'नियंत्रित परिस्थितीत पाणी फवारले' एवढं पुरे. आणि गेल्या वर्षीची ती रिकामी जागा भर. परीक्षक हसतील."

"हसू देत," राणी म्हणाली. तिने दोन्ही जसंच्या तसं ठेवलं. गलगलींनी सही केली, पण पेन कागदात रुतवून.

तोंडी परीक्षेला बंगळूरहून हेमावतीबाई आल्या. पांढरे केस, जाडी कॉटनची साडी, आणि एकेक पान सावकाश उलटायची सवय. बाई रिकाम्या जागेपाशी थांबल्या.

"हे काय?"

"मी सांगितलं होतं भरायला," गलगली घाईने म्हणाले.

"यंत्र बंद होतं," राणी म्हणाली.

"पाऊस किती पडला ते इथेच लिहिलंय. सूत्रातून आकडा काढता आला असता."

"आला असता मॅडम. पण तो सूत्राचा आकडा झाला असता, पावसाचा नाही. मी सूत्र तपासायला निघाले होते. त्याच सूत्राला त्याच्याच बाजूने साक्षीला कसं उभं करू? त्या दिवशीचा पाऊस मी बघितला. मोजला नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग गलगलींकडे. "ह्या जागेला कोणी हात लावू नका," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं. पुढच्या पानावर मल्लाप्पा होता. नेमका तोच तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आत आला.

"पहिल्यांदा पाणी किती घातलं होतं री?" बाईंनी कन्नडात विचारलं.

"भक्ती होती तेवढं, मेडम," मल्लाप्पा म्हणाला. गलगलीसुद्धा हसले.

राणी डॉक्टर झाली. त्याच कॉलेजात लागली, आणि गलगली निवृत्त झाल्यावर ती प्रयोगशाळा तिच्याकडे आली. उपग्रहावरून शिकवणारा मास्तर पुढे खरंच कलघटगीच्या शाळेत आला. त्या शाळेच्या डिशच्या बोंडावर राणीने स्वतः उभं राहून झाकण कोरडं ठेवणारी पत्र्याची छोटी टोपी बसवून घेतली, आणि जिटिजिटीत पडदा काळा पडला नाही. प्रयोगशाळेतली खंडेनवमीही बदलली होती. इतर यंत्रं झोपत, राणीचं यंत्र जागं राही. मल्लाप्पा हार घाली, कुंकू लावी, आणि पूजा संपली की डिशवर पाणी घालून वर्षाची पहिली मोजणी होई. पोरांना वाटे, ही रीत फार जुनी आहे.

धम्मपाल कारखान्यातून निवृत्त झाला त्या वर्षी नवमीला राणी त्याला गच्चीवर घेऊन आली. खूप आढेवेढे घेऊन तो आला होता. पूजा चालू झाली तसा तो सवयीने मागे मागे सरकत पाण्याच्या टाकीला जाऊन टेकला. राणीने ते पाहिलं आणि ती त्याच्यापाशी गेली.

"अप्पा, लांब का उभे?"

"मी पूजा करत न्हाई, पोरी."

"पूजा मल्लाप्पाण्णांची, ती झाली. आता मोजणी आहे. मोजणी आपली."

मल्लाप्पाने भरलेली बादली त्याच्यापुढे धरली. "बर्री, या," तो म्हणाला.

धम्मपाल आला. बादली घेण्याआधी त्याने स्टँडच्या लोखंडावर हात ठेवला, कान जवळ नेला, लेथपाशी करायचा तसा. आवाज काही येत नव्हता.

"चालू हाय न्हवं?" त्याने विचारलं.

"चालू आहे."

त्याने बादली उचलली आणि ओतली. खालच्या मजल्यावर पेन घसरलं आणि पोरांनी खिडकीतून 'गेली, रेघ गेली' असा गलका केला. मल्लाप्पा फडकं घेऊन पुढे झाला, पण धम्मपालने खांद्यावरचा टॉवेल आधीच काढला होता. तो डिश पुसायला लागला. कडेपासून मधोमधपर्यंत, सावकाश, एकेक थेंब टिपत. त्याला लांब हो म्हणणारं त्या गच्चीवर कोणी नव्हतं. असतं, तरी त्या दिवशी तो हलला नसता.